बरोबरीचा गडी

डहाणू रोड स्टेशनाबाहेर ताडगोळ्यांच्या पाट्या लागल्या की येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मी मात्र तिथून मान खाली घालून निघते. कारण ऐकाल तर हसाल. ताडगोळे यायला लागतात त्याच दिवसांत तिकडे अमेरिकेत पोरांची फुटबॉलची निवड असते. माझा नातू तन्मय तिकडे राहतो. दर वर्षी ह्याच सुमारास त्याला एका हिरव्यागार मैदानात पाठीवर नंबर लावून उभं करतात आणि वरच्या टीममध्ये घ्यायचा की खालच्या ते ठरवतात. पूर्वी वैशाख म्हटलं की मला चिंचा फोडणं आठवायचं, मिठागराकडून येणारा खारा वारा आठवायचा, माहेरच्या ओटीवर उन्हात पसरलेले नागलीचे पापड आठवायचे. आता तो नंबर आठवतो.

आज रविवार. निवड काल झाली. निकाल त्यांच्याकडे सकाळ झाली की कळणार, म्हणजे इथं डहाणूजवळ आमच्या सरावलीत दिवे लागायच्या वेळेला. सकाळपासून फोन चार्जिंगला आहे आणि मी येता-जाता त्याच्याकडे बघते. सोनल म्हणाली, "आजी, अंडं ठेवलंय का तिथं उबायला?" सोनल म्हणजे माझ्या भावाची नात. तिचं घर तलासरीकडे डोंगरात, पण पोलीस भरतीची तयारी करते म्हणून वर्षभर माझ्याकडे राहते. पहाटे किनाऱ्यावर पळायला जाते आणि आल्यावर माझ्यावर हुकूम सोडते. तिनंच सांगितलं की असं घुटमळण्यापेक्षा काहीतरी लिहीत बस, तुला तेवढंच बरं वाटेल. म्हणून बसले.

यंदा तर फुटबॉलचा मोठा वर्ल्डकप अमेरिकेच्याच अंगणात आहे, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन. त्यामुळे आमच्या जावईबापूंच्या आवाजाला धार आलीय. फोनवर हवापाण्याची चौकशी होते न होते तोच त्यांचा जुना प्रश्न येतो: एवढा मोठा देश, ऑलिम्पिकला गेला की पोत्यानं पदकं आणतो, मग पुरुषांच्या फुटबॉलमध्येच हे लोक मागे का? हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला तो त्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर बसून. तन्मय तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता आणि लेकीनं, सुजातानं, मला पहिल्यांदाच तिकडे नेलं होतं.

तिकडे काढलेल्या त्या वैशाखाचा वास अजून माझ्या नाकात आहे. कापलेल्या गवताचा वास, पोरांच्या तोंडाला फासलेल्या उन्हाच्या मलमाचा वास, गाडीच्या डिकीत उन्हानं तापलेल्या बुटांचा वास. दिवसाआड आम्ही सरावाला जायचो, आणि जायचो म्हणजे किती लांब! जाताना वाटेत मैदानामागून मैदानं लागायची. गवत असं की त्यावर गादी न घालता झोपावं. आणि त्यावर एक पोर नाही. मी विचारलं, इथंच का नाही खेळत? जावई म्हणाले, आई, इथं परवानगी लागते, बुकिंग लागतं. एका फाटकावर तर कुलूप होतं. माझ्या माहेरी पोरं धसकटांत अनवाणी खेळतात आणि गोल कुठून कुठपर्यंत ह्यावर रोज भांडतात, कारण खांब म्हणून ठेवलेली चप्पल वाऱ्यानं सरकते. इथं पांढरे रंगवलेले खांब होते, जाळी होती, आणि आत कोणीच नव्हतं. लग्नाचा मांडव घालून वऱ्हाडानं यायचं विसरावं तसं मला वाटलं.

दुसरी गोष्ट मला हळूहळू दिसली. त्या कॉलनीत कुठलंही पोर दुसऱ्याच्या दारात जाऊन "येतोस का खेळायला" असं ओरडत नाही. आधी ह्याची आई त्याच्या आईला मेसेज करते, मग दिवस ठरतो, मग गाडी निघते. खेळाला मोठं माणूस लागतंच. मोठं माणूस शिट्टी वाजवतं, मोठं माणूस कोण कुठं उभा राहील ते सांगतं, आणि मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्यांवर बसलेली बाकीची मोठी माणसं काय चुकलं ते ओरडतात. माझ्या नातवाला मी सांगितलं, जा, बाहेर बॉल घेऊन जा. तो म्हणाला, "कोणाबरोबर?" 

जावयांकडे त्यांच्या त्या जुन्या प्रश्नाला उत्तरांचा साठा होता. ते म्हणायचे, उंच-दणकट पोरं सगळी बास्केटबॉलला जातात, नाहीतर त्या दुसऱ्या खेळाला, ज्याला हे लोक फुटबॉल म्हणतात आणि चेंडू मात्र काखेत घेऊन पळतात. उरलेली सॉकरला, म्हणजे ह्या आपल्या फुटबॉलला. मी म्हटलं, पण तुमच्याच टीव्हीवर मी बघितलं, जगातले नावाजलेले खेळाडू माझ्यासारखेच बुटके असतात.  तर ते म्हणाले, दुसरं असं, की बाकी देशांत सतरा-अठराव्या वर्षी पोरगा मोठ्या क्लबात पुऱ्या वाढलेल्या बापय्यांबरोबर झुंजत असतो, इथं तो तेव्हा कॉलेजात जातो आणि कॉलेजच्या पोरांशी खेळत बसतो. हे मला पटलं. आणि मग त्यांनीच, गाडी चालवता चालवता, पैशाचं काढलं. पोरानं नुसतं बॉलला लाथ मारायची तरी बापानं आधी फी भरायची. कोचची फी, प्रवास, गावोगावच्या स्पर्धा. आकडा मी इथं लिहीत नाही, भाताच्या खाचरांवर जगणारी माझ्या माहेरची माणसं वाचतील. उरुग्वे म्हणून एक देश आहे, जावई म्हणाले, त्यात आपल्या पालघर जिल्ह्याएवढीच माणसं असतील, पण त्यानं वर्ल्डकप जिंकलेला आहे.

सुजाता पुढच्या सीटवरून म्हणाली, "आई, मुलींचं मात्र उलट आहे हां. इथल्या मुली जगाला भारी आहेत." का, तर इतर देशांत पोरींना मैदानात पाय ठेवू देत नव्हते त्या काळात इथं शाळा-कॉलेजांनी त्यांना मैदान दिलं, कायद्यानंच द्यावं लागलं. मला फार आनंद झाला. मी म्हटलं, म्हणजे दार उघडलं की पोरी धावत येतात. मग पोरांसाठी कुठलं दार बंद आहे, तेवढं सांगा.  मागे माझ्या शेजारी तन्मय बसला होता, खिडकीबाहेर बघत, गुडघे एकमेकांवर आपटत.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आपला देश तर त्या वर्ल्डकपच्या मांडवातसुद्धा नाही, आपण कुठल्या तोंडानं बोलायचं? खरंय. मी त्यांना हसत नाही. माझं पोर तिथं आहे, त्याच्या जिवाला काय होतंय एवढंच मी बघते.

त्या वैशाखाच्या आधीच्या नाताळच्या सुट्टीत तन्मय इकडे आला होता. त्याला मी माहेरी, तलासरीकडे घेऊन गेले. भात कापून झालेलं होतं, खाचरं वाळून कडक झाली होती, संध्याकाळी पाड्यावरची सगळी पोरंपोरी तिथं उतरायची. सोनल तेव्हा सोळाची असेल, तिथली पुढारीण. आमच्याकडे गडी कसे वाटून घेतात ते तुम्ही लहानपणी केलं असेलच. दोघंदोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लांब जातात, कानात कानात ठरवतात, तू आंबा, मी फणस. परत येऊन दोन पुढाऱ्यांना विचारतात, आंबा पाहिजे की फणस? ते आंधळेपणानं मागतात. आंबा ह्या बाजूला, फणस त्या बाजूला. ह्यात मेख एकच: जोडी बरोबरीची पाहिजे. पळणाऱ्यानं पळणारा घ्यायचा, आडदांडानं आडदांड. मग कोणीही कुणीकडे गेलं तरी दोन्ही बाजू सारख्या होतात, आणि घ्यायचा राहिला असा कोणी उरत नाही.

तन्मयला हे माहीत नव्हतं. त्यानं आपल्या कमरेएवढ्या एका पोराच्या खांद्यावर हात टाकला आणि निघाला. सगळ्यांनी हुर्यो केली. सोनलनं त्याला दंडाला धरून परत आणलं. "हा काय तुझ्या बरोबरीचा? बरोबरीचा घेऊन ये."

"का?" तो म्हणाला.

"का म्हणजे? दोन्हीकडं सारखं झालं पाहिजे. नाहीतर खेळायचं कशाला, आत्ताच घरी जाऊ."

ती आठवडाभराची सुट्टी पोरानं पायाला धसकटं टोचून घेत काढली. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी काही शिकवलं नाही. निघताना तो सोनलला म्हणाला, तुमच्याकडे प्रत्येक मॅच शेवटपर्यंत बरोबरीतच का असते? ती म्हणाली, मग आणखी काय असायला पाहिजे?

आणि त्यानंतर चारपाच महिन्यांनी तो वैशाख, तिकडचा.

निवडीच्या दिवशी मैदानावर परीक्षेच्या हॉलबाहेर असते तशी शांतता होती. एवढी पोरं जमलेली, पण कोणी कोणाशी हसत नव्हतं. आयांनी बर्फाच्या पेट्या मांडल्या होत्या, बापांनी हाताच्या घड्या घातल्या होत्या. मी जरा लांब सावलीत जाऊन बसले. तिथं माझ्याच वयाची एक बाई बसली होती, काळी घट्ट वेणी, पायांत कापडी बूट. तिचं नाव रोसा. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच होतं, म्हणजे नव्हतंच. खुणांनी कळलं की तिचाही नातू आहे, तो निळ्या मोज्यांवाला, माटेओ. मी पिशवीतून आपल्याकडचे वाळवलेल्या चिकूचे काप काढून पुढे केले. तिनं एक तोंडात टाकला आणि डोळेच मिटले. मग छातीवर हात ठेवून म्हणाली, "चीको." मला वाटलं, मीच नाव सांगितलं की काय. पण नाही. तिच्या देशात, तिकडे खाली मेक्सिकोच्या पलीकडे, तिच्या दारातच झाड होतं. डहाणूत आम्ही ज्याच्यावर जगलो ते फळ तिच्याकडून आलेलं. आम्ही दोघी शेजारी शेजारी चिकू चघळत पोरांकडे बघत बसलो, आणि मला हे कुठं माहीत होतं की तिचं पोर आणि माझं पोर एकाच जागेसाठी उभे आहेत.

माटेओचं सुजातानं मला हळूच सांगितलं. ह्या वयोगटात तन्मयच्या तोडीचा हा एकच. बाप छपरांची कामं करतो. क्लब त्याच्याकडून फी घेत नाही, पण ही सवलत फक्त वरच्या टीमच्या पोरांना. खालच्या टीममध्ये गेला की ती जाते.

कोचनं हातात कागद लावलेली पाटी घेतली आणि सांगितलं, आपापला जोडीदार निवडा. एकानं बॉल घेऊन पलीकडे जायचं, दुसऱ्यानं अडवायचं, मग उलट. जावई माझ्याजवळ येऊन पुटपुटले की इथंच खरी परीक्षा असते. शहाणी पोरं आपल्यापेक्षा कच्चा बघून घेतात, मग कोचला दिसतं की हा दर वेळी पार जातोय. कडेला उभ्या एका बापानं आपल्या पोराला भुवईनं एक लहानखुरं पोर दाखवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तन्मयनं इकडेतिकडे बघितलं. आणि तो सरळ चालत माटेओकडे गेला. नुसता गेला नाही, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला घेऊन बाजूला निघाला, पाड्यावर निघायचे तसा.

"अरे देवा," जावई म्हणाले. "हा काय करतोय?"

मी तोंडाला पदर लावला. मला कळलं होतं तो काय करतोय.

 ती दोघं पोरं एकमेकांना तसूभर सोडत नव्हती. हा डावीकडे गेला की तो डावीकडे. तो उजवीकडे वळला की हा आधीच तिथं. कोणी पार जाईना. पडायचे, उठायचे, पुन्हा. शेजारी आखलेल्या चौकटीत पोरं सटासट पार जात होती, टाळ्या पडत होत्या. कोच पाटी घेऊन फिरत आमच्या दोन पोरांच्या चौकटीपाशी आला, थांबला, आणि त्याला तिथं काहीच घडताना दिसलं नाही. त्यानं काहीतरी लिहिलं आणि पुढे गेला. रोसानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिचं पोर अडावं असं मला वाटेना आणि माझं अडावं असंही वाटेना, आणि तिचंही तसंच असावं. अख्ख्या मैदानावर हसणारी पोरं तेवढी दोनच होती.

त्या वर्षी निकाल तिथंच लागला. दोघंही खालच्या टीममध्ये.

 परतताना गाडीत जावयांनी आरशातून बघत विचारलं, तोच का घेतलास?

"तो माझ्या बरोबरीचा होता."

"मग?"

"मग बरोबरीचाच घ्यायचा ना?" तन्मयनं माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

जावई म्हणाले, "आई, तुमच्या तलासरीनं घात केला." हसून म्हणाले, पण हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. माणूस वाईट नाही तो. दिवसभर कामावरून दमून येऊन पोराला घेऊन एवढा लांब गाडी हाकतो, कशासाठी? 

पण त्यानंतर पोरानं बॉलला हात लावला नाही. बॉल गॅरेजमध्ये सायकलीमागे पडून राहिला. मी मुद्दाम विचारायची, आज गेला नाहीस? तो म्हणायचा, आज सराव नाही. सराव नसला की खेळही नसतो, हे त्यानं अगदी सहज सांगितलं. आणि माटेओ तर यायचाच बंद झाला होता. एकदा बाजारात रोसा भेटली. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि ती कितीतरी वेळ बोलली, मला अक्षर कळलं नाही, सगळं कळलं. मी परत आले ती ह्या धास्तीनं, की खेळ सुटतोय पोराचा.

सुटला नाही. वर्षभरानं पुन्हा खेळायला लागला, खालच्याच टीममध्ये. मागच्या वर्षीही वर जाता आलं नाही. माटेओ दर वैशाखात निवडीला येतो म्हणे, आणि वर जागा मिळाली नाही की पुन्हा दिसत नाही.

मी विचार करते. यजमान होते तेव्हा आमची चिकूची वाडी होती, आयुष्यभर मी चिकू निवडले. तोडून आला, धुतला, की मोठा दिल्लीला, मधला मुंबईला, बारीक चिप्सला. निवडायचं कसं हे मला कोणी शिकवू नये. पण चिकू झाडावर असताना आम्ही कधी निवडला नाही. फुलाचं फळ व्हायला कितीतरी महिने जातात आणि मधे काही सांगता येत नाही. एकाच फांदीवरचं आज मागे राहिलेलं उद्या पुढच्याला गाठतं. हे लोक फुलोऱ्यालाच चाळण लावतात. आठव्या-नवव्या वर्षी सांगतात, तू वरचा, तू खालचा. खालच्याला कच्चा कोच, कच्चं मैदान, आणि तो कच्चा राहिला की म्हणतात, बघा, आम्ही आधीच ओळखलं होतं. आणि वरच्याला तरी काय मिळतं? त्याला अडवणाराच कोणी राहत नाही. दिसायचं कसं ते शिकतो तो, आणि मग एक दिवस समोर ब्राझीलचा नाहीतर अर्जेंटिनाचा गडी येतो, जो लहानपणापासून रोज संध्याकाळी आपल्या बरोबरीच्याशी भांडत वाढलाय. तो काही भुवईनं दाखवलेला पोरगा नसतो.

माझं चुकतही असेल. शाळा माझी सातवीत सुटली. पण जावयांच्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे.

ह्या आठवड्यात तन्मयचा फोन आला होता. आवाज फुटलाय आता त्याचा, आधी मला वाटलं जावईच बोलतायत. म्हणाला, "आजी, बाबा म्हणतात ह्या वर्षी शेवटची संधी. पंधराव्याला वर नसलं तर नंतर कोणी बघत नाही. म्हणतात, ह्या वेळी शहाणपणा कर, कच्चा बघून घे. काय करू?"

आता काय सांगायचं? बरोबरीचा घे म्हणावं तर पोराची वाट अडवते मी इथं बसून, चिकू खात. कच्चा घे म्हणावं तर माझ्या जिभेला ते येईना. मी फोन सोनलकडे दिला. ती पळून आली होती, घाम पुसत होती.

"तुला खेळायचंय का निवडून यायचंय?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही तर मला पण पाहिजे," ती म्हणाली. तिच्या भरतीत एका जागेला किती पोरी उभ्या राहतात ते तिला माहीत आहे.  तिनं फोन माझ्याकडे परत दिला आणि मी त्याला म्हटलं, तुला जे बरं वाटेल ते कर. म्हणजे काहीच म्हटलं नाही.

इथवर लिहिलं आणि उठले. वाडीतून वटवाघळं निघाली होती. सोनल ओटीवर बुटांच्या नाड्या धूत बसली होती. मी देवापाशी दिवा लावला आणि फोन वाजला.

आधी सुजाता, मग जावई, दोघं एकदम. झाली निवड. वरच्या टीममध्ये. जावई म्हणाले, आई, केक आणायला निघतोय. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू, आनंदानंच आलं. सुजातानं तन्मयकडे फोन दिला. पावलांचा आवाज आला, जिना, मग दार लावल्याचा आवाज.

"आजी, सोनलताई आहे तिथं?"

"आहे. ओटीवर."

"स्पीकर बंद कर."

मी फोन कानाला लावला. सोनलनं मान वर केली नाही, नाड्या पिळत राहिली.

"जोडीला कोण होतं?" मी विचारलं.

"ईथन. नवीन आलाय. त्याला अजून नीट वळता येत नाही. दर वेळी पार गेलो मी."

"बरं."

"माटेओ पण आला होता. कोचनं जोड्या करा म्हटलं, तेव्हा तो माझ्याकडे बघत होता. हसत होता. त्याला वाटलं, मी येणार. तो तिथंच उभा राहिला, आजी. मी ईथनकडे गेलो तरी उभा होता. मग सगळ्यांच्या जोड्या झाल्या. शेवटी त्याला छोट्या कोचबरोबर करावं लागलं." त्याचा श्वास ऐकू येत होता. "सोनलताईला सांगू नको."

"नाही सांगत."

"त्याचं झालं नाही."

मी खाली बसले. काय सांगतात अशा वेळी? तू बरोबर केलंस? तू चुकीचं केलंस? त्याच्या बापानं दिलेला सल्ला त्याच्या बापापुरता खरा होता. ती जागा पोरानं चोरली नव्हती, त्याच्या पायात ती होतीच. आणि तरी त्याचा तो आवाज, घरात कोणी गेल्याचं कळवावं तसा.

"माटेओचं घर लांब आहे का रे?" मी विचारलं.

"नाही. मोठा रस्ता ओलांडला की बिल्डिंग आहे."

"मग बॉल घे आणि जा."

"आता?"

"सकाळ आहे ना तुमच्याकडे. जा."

"आधी मेसेज करावा लागतो, आजी. असं कोणी कोणाच्या दारात जात नाही इथं."

"माहीत आहे मला. मी राहून आलेय."

 तो अगदी हळू म्हणाला, "आणि तो बाहेरच नाही आला तर?"

"तर उभा राहा," मी म्हटलं. "तोही राहिलाच ना काल."

 फोन त्यानं बंद केला नाही, तसाच कुठंतरी ठेवला. मी कान लावून बसले. दार उघडल्याचा आवाज आला, मग जिना. खालून जावयांची हाक ऐकू आली, तन्मय, चल, गाडी काढलीय. थोड्या वेळानं पुन्हा आली, जरा मोठ्यानं. उत्तर आलं नाही.